पाकिटावरची नावं

एल. पी. रेकॉर्ड ज्यांनी हाताळली आहे, त्यांना तिचं पाकीट आठवत असेल. पुढं मोठं चित्र, मागं गाण्यांची यादी आणि यादीखाली बारीक अक्षरांत काही नावं. ही बारीक अक्षरं फार थोडे लोक वाचत. आज ज्या रेकॉर्डविषयी बोलायचं आहे, तिच्या बाबतीत मात्र ती वाचायलाच हवीत. कारण रेकॉर्ड आहे विलायतेतल्या जगप्रसिद्ध रॉक बँडमधल्या एका गिटारवाल्याची, आणि तिच्या पाकिटावर बारीक अक्षरांत आहेत केंकरे, चंद्रशेखर, शरद, हनुमान अशी आपल्या ओळखीची नावं.

रेकॉर्डचं नाव ‘वंडरवॉल म्युझिक’. साल १९६८. बँड अर्थातच बीटल्स, आणि गिटारवाला म्हणजे जॉर्ज हॅरिसन. बीटल्सच्या चौघांपैकी कुणीही स्वतंत्रपणे, स्वतःच्या नावानं काढलेला हा पहिला अल्बम. बीटल्सनी ‘अॅपल’ नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, तिचाही हा पहिला अल्बम. आणि त्यातला मोठा भाग ध्वनिमुद्रित झाला तो लंडनमध्ये नव्हे, तर मुंबईच्या फोर्ट भागात.

आता खामगावच्या माणसानं म्हणावं, की कुठं लंडन, कुठं मुंबई, आपला काय संबंध? संबंध दोन आहेत. पहिला एच. एम. व्ही. कंपनीचा. आपल्याच जिल्ह्यातल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी गायली. एच. एम. व्ही.नं तिची तबकडी काढली आणि मराठी भावगीत घरोघर पोचलं ते त्याच सुमारास, म्हणजे तीसच्या दशकात. पुढं हे जोशी त्याच कंपनीच्या मुंबई शाखेत ध्वनिमुद्रणाचं काम पाहू लागले आणि कितीतरी वर्षं तिथंच राहिले. ज्या कंपनीनं मेहकरची कविता महाराष्ट्राला ऐकवली, त्याच कंपनीच्या मुंबईतल्या स्टुडिओत जॉर्ज हॅरिसन येऊन बसला होता.

दुसरा संबंध चांदीचा. खामगाव हे चांदीचं गाव. इथलं ताट-वाटी, समई दूरदूर जाते. भांडं उलटं करून पाहिलं तर पेढीचा शिक्का दिसतो. ज्यानं ते ठोकून घडवलं, त्याचं नाव मात्र त्यावर नसतं. संगीतातही नेमकं हेच चालत आलं आहे. गाणाऱ्याचं नाव शिक्क्यासारखं ठळक, आणि वाजवणारा निनावी. म्हणूनच १९६८ सालच्या त्या पाकिटाची गोष्ट आपल्याला आपली वाटायला हरकत नाही.

ही गोष्ट सुरू होते १९६५ मध्ये. त्या वर्षी बीटल्सच्या ‘रबर सोल’ या अल्बममधल्या एका गाण्यात हॅरिसननं सतार वाजवली. तेव्हा त्याला सतारीचं शिक्षण असं काही नव्हतं. गिटारवर बोटं फिरणाऱ्या माणसानं हौसेनं केलेला तो प्रयोग होता. पण हौस टिकली. लंडनमध्ये आयना अंगडी नावाचे एक कन्नड गृहस्थ आणि त्यांच्या इंग्रज पत्नी पॅट्रिशिया ‘एशियन म्युझिक सर्कल’ नावाची संस्था चालवत. भारतीय वादक हवा असला, की लोक त्यांच्याकडे जात. हॅरिसनही गेला.

एप्रिल १९६६ मध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ या पुढच्या अल्बमसाठी त्याला तबलजी हवा होता. अंगडींनी अनिल भागवत या तरुणाला फोन केला. संध्याकाळी ‘जॉर्ज’बरोबर वाजवायचं आहे, मोकळे आहात का, एवढीच विचारणा. कोण जॉर्ज, हे भागवतांना ठाऊक नव्हतं. दारात रोल्स रॉईस गाडी उभी राहिली, तेव्हा त्यांना उलगडा झाला, असं त्यांनीच पुढं सांगितलं. स्टुडिओत हॅरिसननं त्यांना सोळा मात्रांचा ठेका सुचवला आणि बाकीचं त्यांच्या उपजेवर सोडलं. ऑगस्टमध्ये अल्बम बाजारात आला, तेव्हा पाकिटावर बीटल्सच्या चौघांबरोबर अनिल भागवत हे नाव तबल्यासह छापलेलं होतं. एखाद्या गाण्यापुरत्या बोलावलेल्या वादकाचं नाव छापण्याची पद्धत तेव्हा फारशी नव्हती. भागवतांनाही त्या सत्राइतकाच आपल्या छापील नावाचा आनंद झाला होता.

पुढच्याच वर्षी मात्र उलटं घडलं. १९६७ चा ‘सार्जंट पेपर’ हा बीटल्सचा सर्वांत गाजलेला अल्बम. त्यात हॅरिसनचं पाच मिनिटांचं एक गाणं आहे. ते पुरतं भारतीय वाद्यांवर उभं आहे आणि जोडीला थोडे व्हायोलिन आणि चेलो आहेत. बाकीचे तिघे बीटल्स त्यात नाहीतच. दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजवणारे लंडनमधले भारतीय लोक होते. त्यांची नावं पाकिटावर नाहीत.

या पाकिटाची आणखी एक गंमत ऐकण्यासारखी आहे. त्यावर जगातल्या नामवंतांच्या चेहऱ्यांची गर्दी आहे. त्यात हॅरिसनच्या आग्रहामुळं परमहंस योगानंद आणि त्यांच्या गुरुपरंपरेतले योगी आहेत. महात्मा गांधींचंही चित्र घेतलं होतं. पण गांधीजींना असं गर्दीत उभं केलं तर भारतात लोक दुखावतील आणि रेकॉर्ड अडचणीत येईल, या भीतीनं कंपनीच्या प्रमुखांनी ते काढायला लावलं. म्हणजे कोणत्या भारतीयाचा चेहरा छापायचा आणि कोणाचा नाही, यावर खल झाला. ज्या भारतीयांनी आत वाजवलं त्यांची नावं छापावीत, हे मात्र राहून गेलं. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी ही ती नावं. अल्बमला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१७ मध्ये, बीटल्सच्याच गावी लिव्हरपूलला झालेल्या कार्यक्रमाच्या निमित्तानं ती लोकांसमोर नीट आली. पन्नास वर्षं! एवढ्या काळात त्या गाण्यावर पुस्तकं लिहून झाली होती.

आता आपण ‘वंडरवॉल’कडे येऊ. १९६७ च्या शेवटी जो मॅसॉट नावाच्या दिग्दर्शकानं हॅरिसनला आपल्या चित्रपटाला संगीत देण्याची विनंती केली. हॅरिसननं यापूर्वी असं काम केलेलं नव्हतं. तू जे देशील ते मी वापरीन, असं मॅसॉटनं सांगितलं आणि हॅरिसन तयार झाला. चित्रपटाची कथा थोडी विचित्र आहे. एका एकलकोंड्या, म्हाताऱ्या होत चाललेल्या प्राध्यापकाला घराच्या भिंतीला एक भोक सापडतं. पलीकडं एक तरुण मुलगी राहते. तिचं रंगीबेरंगी आयुष्य तो त्या भोकातून पाहत बसतो. चित्रपटात संवाद फार थोडे. त्यामुळं सगळी भिस्त संगीतावर. आपल्याला आवडलेलं भारतीय संगीत पाश्चात्त्य श्रोत्यांच्या कानावर घालण्याची ही चांगली संधी आहे, असं हॅरिसनला वाटलं.

त्यानं चित्रपट पाहिला, स्टॉपवॉच लावून प्रत्येक प्रसंगाची लांबी मोजली आणि ती टिपणं घेऊन जानेवारी १९६८ मध्ये तो मुंबईला आला. मुंबई त्याला नवी नव्हती. १९६६ च्या सप्टेंबरमध्ये तो पंडित रविशंकर यांच्याकडं सतार शिकायला आला होता. तेव्हा ताजमहाल हॉटेलात खोट्या नावानं उतरूनही तो ओळखला गेला होता आणि शेवटी शिकवणी श्रीनगरला हलवावी लागली होती.

ध्वनिमुद्रण झालं ते सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीतल्या एच. एम. व्ही.च्या स्टुडिओत. तिथं तेव्हा मोनो यंत्र होतं, म्हणजे सगळा आवाज एकाच पट्टीवर घेणारं. हॅरिसनला स्टीरिओ हवं होतं. तेव्हा कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं अवजड यंत्र रेल्वेनं मुंबईला आणवलं. हे मेनन पुढं ई. एम. आय. या जागतिक कंपनीच्या संगीत व्यवसायाचे प्रमुख झाले. यंत्र आलं, पण स्टुडिओच्या भिंती होत्या तशाच होत्या. बाहेरचा आवाज आत येई. खालच्या मजल्यांवर कचेऱ्या होत्या. साडेपाचला त्या सुटल्या, की कारकून मंडळी धडाधड जिने उतरत आणि तेवढा वेळ काम थांबवावं लागे. नीट कान देऊन ऐकलं तर काही तुकड्यांत टॅक्सी गेल्याचं ऐकू येतं, असं खुद्द हॅरिसननंच सांगितलं आहे.

९ ते १३ जानेवारी असे पाच दिवस हे काम चाललं. या कामासाठी वाजवणाऱ्यांची यादी पाहा. सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ यांचे चिरंजीव आशिष खाँ. तबला आणि पखवाज महापुरुष मिश्र. संतूर शिवकुमार शर्मा. सतारीवर शंभू दास, इंद्रनील भट्टाचार्य आणि शंकर घोष. सूरबहार चंद्रशेखर नारिंग्रेकर. बासरी एस. आर. केंकरे. तारशहनाई विनायक व्होरा. हार्मोनियम आणि तबलातरंग रिजराम देसाद. आणि सनईवर शरद आणि हनुमान जाधव.

यातले बरेच जण मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंत रोज वाजवणारे. हे महत्त्वाचं आहे. मैफलीतला कलावंत राग तासभर फुलवतो. स्टॉपवॉच लावलेल्या माणसाला हवा असतो सव्वा मिनिटाचा तुकडा, आणि त्यात भाव पुरा उतरायला हवा असतो. हे कसब मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकांच्या हाडीमासी मुरलेलं होतं. या अल्बममधली ‘गत किरवानी’ जेमतेम सव्वा मिनिटाची आहे. सरोद-सतारीची लगबग सुरू होते आणि ऐकणारा सावरून बसेपर्यंत संपतेही. ‘क्राइंग’ या तुकड्यात तारशहनाई अक्षरशः रडते. दिलरुब्यासारख्या वाद्याला कर्णा जोडून तारशहनाई होते, तिचा आवाज आपण जुन्या चित्रपटांतल्या दुःखाच्या प्रसंगी ऐकलेला आहे. आणि अल्बमची सुरुवात होते तीच सनईनं. लंडनमधल्या घरात कुणी ही रेकॉर्ड लावली, तर सुई टेकताच त्याला आपल्या मांडवातला सूर ऐकू यायचा.

पाच दिवसांच्या शेवटी थोडा वेळ उरला. त्यात हॅरिसननं आणखी एक चाल वाजवून घेतली. लंडनला परतल्यावर त्यावर शब्द गायले गेले आणि ते गाणं ‘द इनर लाइट’ या नावानं मार्च १९६८ मध्ये बीटल्सच्या एका रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगल रेकॉर्डवर आलेली हॅरिसनची ही पहिलीच रचना. युरोपबाहेरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेलं बीटल्सचं हे एकमेव गाणं मानलं जातं. त्यातल्या बासरीशी हरिप्रसाद चौरसिया यांचं नाव जोडलं जातं. शब्द प्राचीन चिनी ग्रंथावरून घेतलेले, ते सुचवले केंब्रिजमधल्या संस्कृतच्या एका प्राध्यापकानं, गायला इंग्रज आणि वाद्यवृंद फोर्टमधला.

आता ‘वंडरवॉल’चं स्वागत कसं झालं ते पाहू. खरं तर झालंच नाही म्हणायला हवं. चित्रपट मे १९६८ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, पण त्याला वितरक मिळता मिळेनात. रेकॉर्ड १ नोव्हेंबरला इंग्लंडमध्ये आली आणि तीनच आठवड्यांत, २२ नोव्हेंबरला, बीटल्सचा पांढऱ्या पाकिटातला प्रसिद्ध जोडअल्बम आला. त्या धामधुमीत हिच्याकडे कोण पाहणार! इंग्लंडच्या विक्रीयादीत ती शिरलीच नाही. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’च्या यादीत ४९ व्या क्रमांकापर्यंत गेली. तीही मुख्यतः बीटल्सच्या नावाच्या पुण्याईवर.

असं का झालं असावं? एक तर यात हॅरिसन गात नाही. एकोणीस तुकडे, आणि गाणं असं जवळजवळ नाहीच. बीटल्सचा आवाज ऐकायला रेकॉर्ड विकत घेणाऱ्याची निराशा होणं स्वाभाविक होतं. मधूनमधून येणाऱ्या रॉकच्या तुकड्यांत त्याला थोडं ओळखीचं वाटे, आणि लगेच पुढं तबला-पखवाज सुरू होई. आपल्याकडच्या जाणकारांचंही समाधान होण्यासारखं नव्हतं. सव्वा मिनिटात किरवानी म्हणजे पाहुण्यानं उंबऱ्यातून पाणी पिऊन परत जावं, तसं. शिवाय त्या काळात सतार गळ्यात अडकवून हिंडणाऱ्या गोऱ्या तरुणांविषयी इथल्या बुजुर्गांच्या मनात अढी होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. रविशंकरांनाही त्या हिप्पी लाटेचा त्रास झाला होता. हॅरिसननं मात्र स्वतःची मर्यादा ओळखली. सतार हे जन्मभराचं काम आहे, आपण त्यात मोठे होणार नाही, हे जाणून तो त्याच वर्षी पुन्हा गिटारकडे वळला. रविशंकरांशी असलेला स्नेह त्यानं अखेरपर्यंत जपला. १९७४ मध्ये त्याच्याच पाठबळानं रविशंकरांचा मोठा वाद्यवृंद युरोपात गेला, त्यात शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया होते.

रेकॉर्डच्या पाकिटावर बॉब गिल या चित्रकाराचं चित्र आहे. मध्ये विटांची भली मोठी भिंत. एका बाजूला कोट-टोपीतला एक इंग्रज, दुसऱ्या बाजूला स्नान करणाऱ्या भारतीय स्त्रिया. भिंतीतली एक वीट काढा, त्या बिचाऱ्याला थोडी संधी द्या, असं हॅरिसननं सुचवलं आणि चित्रात एक वीट निघाली. चित्रातला भारत तसा नेहमीचाच आहे, परदेशी माणसाच्या स्वप्नातला. पण तेच पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचली, की खरा भारत दिसतो. तो फोर्टमध्ये काम करतो आणि कचेऱ्या सुटताना आपली सनई थांबवतो.

नावं मात्र बिनचूक छापलेली नाहीत. शिवकुमार शर्मांचं ‘शेर्मर’ झालं. विनायकाचं ‘विनाइक’ झालं. दोन्ही सनईवाल्यांचं आडनाव ‘जाडेव’ असं छापलं आहे. ते जाधव असणार, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. नारिंग्रेकरांचं तर आडनावच गळालं आणि नुसतं ‘चंद्र शाखर’ उरलं. नारिंग्रे हे कोकणातलं, देवगड तालुक्यातलं गाव. ते नाव त्या पाकिटावर यायचं ते थोडक्यात हुकलं. स्पेलिंग तपासायला कुणी मराठी माणूस जवळ नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. पण नावं आहेत. कोण काय वाजवतो, हेही आहे. त्यामुळंच आज, इतक्या वर्षांनी, त्या पाच दिवसांत स्टुडिओत कोण होतं हे आपण सांगू शकतो.

आपल्याकडं तेव्हा काय चाललं होतं? १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातलं ते प्रसिद्ध गाणं आठवा. त्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. कामिनी म्हणजे चित्रपटातल्या मधुबालाच्या भूमिकेचं नाव. लता मंगेशकर हे नाव तबकडीवर नव्हतं. ही कोण गाते, अशी श्रोत्यांनी विचारणा सुरू केली तेव्हा ते जाहीर झालं. जिथं गायिकेची ही कथा, तिथं वादकांची काय असणार! गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी कितीतरी संगीतकारांसाठी वाद्यवृंदाची रचना केली. बहुतेकांना त्यांचं नाव कळलं ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळं. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी ते नाव तिथं गुंफून गुरुदक्षिणा दिली. आणि लोकांना वाटलं, की ते एका विनोदी पात्राचं नाव आहे.

तेव्हा ‘वंडरवॉल’ ही फार थोर रेकॉर्ड आहे, असं सांगण्याचा हेतू नाही. काही तुकडे सुंदर आहेत, काही सामान्य. पुढं तिचं कौतुकही झालं. पूर्व-पश्चिम संगीताच्या मिलाफाचा एक आरंभीचा प्रयत्न म्हणून तिच्याकडे पाहिलं जाऊ लागलं. १९९२ मध्ये सी. डी. निघाली, २०१४ मध्ये पुन्हा निघाली. ‘ओअॅसिस’ या इंग्रज बँडनं १९९५ मध्ये आपल्या गाण्याला तिचंच नाव दिलं आणि ते गाणं मूळ रेकॉर्डपेक्षा कितीतरी पटींनी गाजलं. पण हे कौतुक करताना लिहिलं गेलं ते बहुधा हॅरिसनविषयी. सनई कुणी वाजवली, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारला. ज्यांनी विचारला, त्यांना उत्तर मिळालं ते त्या बारीक अक्षरांतच.

आज आपण मोबाइलवर गाणं ऐकतो. त्याला पाकीट नसतं. पडद्यावर गायकाचं आणि चित्रपटाचं नाव येतं, वादकांचं सहसा येत नाही. म्हणजे १९६८ मध्ये जेवढं कळत होतं, तेवढंही नव्या श्रोत्याला सहजी कळत नाही. सगळं जग हातात आलं आणि पाकिटाची मागची बाजू गेली.

म्हणून एक साधी विनंती करावीशी वाटते. आपल्या घराघरांत कार्यक्रमांच्या जुन्या कॅसेट आहेत. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राच्या, भजनी मंडळाच्या, गॅदरिंगच्या. त्यांवर फार तर साल लिहिलेलं असतं. पेटीवर कोण होतं, ढोलकी कुणाची, सनई कुठल्या गावाहून बोलावली होती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवत असेल. ते विचारून घ्या आणि कागदावर लिहून कॅसेटच्या डबीत ठेवा. आडनाव विसरू नका, गावाचं नावही लिहा. कॅसेट वाजेनाशी झाली तरी तो कागद राहील.